सोनाळ्याचा पाणकांदा

सोनाळा, १४ जुलै १९६६

चि. इंद्रभान यास जनकाताईचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पाकीट पाहून दचकू नकोस. माय बरी आहे, गुडघे सोडले तर. गेली दोन वर्षं तू अधूनमधून एक कार्ड टाकतोस, त्यावर 'आम्ही खुशाल' असतं, आणि मी उलट टपाली 'आम्हीही खुशाल' लिहिते. आपल्या खुशालीचा पोस्टमनलासुद्धा कंटाळा आला असेल. आज मात्र लिहायला कारण मिळालं आहे, आणि तेही तुझ्याच धंद्यातलं.

परवा शाळेत नाव घालण्याजोगी मुलं शोधत मी डोंगराकडच्या वस्तीवर गेले होते. मुख्याध्यापिका झाले म्हणून पायपीट सुटलेली नाही. येताना वरच्या तळ्यावरून आले. तळ्याच्या पलीकडच्या उतारावर बाभळीचं रान होतं ना, ते गेल्या वर्षी तोडलं. आपण लहानपणी काट्यांच्या भीतीनं तिकडे फिरकत नसू. आता ती जागा उघडी पडली आहे, आणि पाणी झिरपून तिथं सदा चिखल असतो. त्या चिखलात पांढऱ्या फुलांचा ताटवाच्या ताटवा उभा होता. पट्ट्यासारखी लांब पानं, मधून जाड दांडा आणि टोकाला फुलांचा घोस. एकेका फुलाला सहा अरुंद पाकळ्या. वास गोड, जवळ गेलं की जरा जास्तच गोड. एक झाड उपटायला गेले तर खाली कांदा, आणि तो इतका घट्ट की झाड जागेवर राहिलं आणि मी चिखलात बसले. लुगड्याचं काय झालं ते मायला विचार.

तू एकदा लिहिलं होतंस की कोकणातल्या ओढ्याकाठच्या कांद्यांचा तू अभ्यास करतोस. माणसं कशाकशाचा अभ्यास करतात म्हणून मी ते शाळेत सांगून सगळ्यांना हसवलं होतं. म्हणून हे फूल पाहिल्यावर तुझीच आठवण झाली. एक फूल वहीत दाबून सोबत पाठवते. साधं रानफूल असेल तर तसं कळव, मी काही रडणार नाही. पण कार्डावर नको, पाकिटात लिही.

तुझी
जनकाताई


सोनाळा, ६ ऑगस्ट १९६६

चि. इंद्रभान यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोन वर्षांत तू मला जेवढी अक्षरं लिहिली नाहीस तेवढी त्या कांद्यासाठी एका बैठकीत लिहिलीस. मायची चौकशी पाचव्या पानावर, आणि तीसुद्धा कंसात. पण खरं सांगते, मला राग आला नाही. तुझं अक्षर शेवटी शेवटी धावायला लागलं होतं. चौथीत तुला स्कॉलरशिप मिळाली तेव्हा तू असाच धावत घरी आला होतास.

मला समजलं ते असं. तुमच्याकडे याला पाणकांदा म्हणतात. तो फक्त कोकणातल्या ओढ्यांत सापडतो, घाटाच्या या बाजूला कुणी पाहिलेला नाही, आणि वऱ्हाडात तो असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तो इथं खरोखर उगवत असेल तर तुझा लेख छापून येईल आणि पुण्याचे तुझे मोठे साहेब तुला आता तरी ओळखू लागतील. बरोबर ना?

तू सांगितलंस तसं सगळं केलं. पुंजाजीच्या म्हशी त्या उताराला चरतात, त्याला कुदळ घेऊन यायला सांगितलं. कांद्यासकट झाडं काढली, धुतली, वर्तमानपत्रात पसरली आणि वर जातं ठेवलं. माय म्हणाली, "जात्याखाली काय ठेवून राह्यली, गवत?" मी म्हटलं, तुझ्या लेकाचं काम आहे.  सकाळी उठून पाहते तर जात्यावर पाटासुद्धा चढवलेला. तिच्या गुडघ्यांनी तिला तो कसा उचलू दिला कोण जाणे. मी विचारलं नाही, तूही पत्रात काही लिहू नकोस.

पार्सल शेगावला जाऊन टाकलं. आत काय म्हणून कारकुनानं विचारलं. कांदे, म्हटलं. पत्ता रत्नागिरीचा पाहून तो म्हणाला, बाई, तिकडे कांदे मिळत नाहीत का?

तुझी
जनकाताई


सोनाळा, १ सप्टेंबर १९६६

चि. इंद्रभान यास आशीर्वाद.

तुझ्या साहेबांनी नेमकं बोट ठेवलं. हा कांदा इथला आहे की कुणी आणून लावला, हे ठरल्याशिवाय ते लेखाला हात लावणार नाहीत. मला तर ही शंका पटली. कुणाच्या अंगणातलं झाड रानात गेलं तर त्याला शोध कसं म्हणायचं?

म्हणून मी गावभर चौकशी केली. वस्तीवर विचारलं, तळ्याच्या धुण्यावर विचारलं. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. पुंजाजी तर आपल्या दारात येऊन म्हणाला, "कोन लावीन बाई अन् काऊन लावीन? म्हैस त्याले तोंड लावत नाही, त्याची भाजी होत नाही." रान तुटलं तेव्हा हेच कांदे कुऱ्हाडीवाल्यांच्या पायात येत होते, असंही त्यानं सांगितलं. पण हे रान तुटलं गेल्या वर्षी, त्याआधीचं कुणालाच ठाऊक नाही. माय ओसरीवर ज्वारी पाखडत होती. पुंजाजीचं बोलणं संपायच्या आतच ती सूप घेऊन आत गेली. माझ्यापुरतं विचारशील तर हा कांदा कुणी लावलेला नाही. साहेबांना तसं कळव.

आता दुसरी गोष्ट. तू स्वतः येऊन झाड पाहायला हवंस, हे तुझ्याच पत्रात आहे. आणि पुढच्याच ओळीत, माय कोकिळेला नाव घेऊन बोलावत नाही तोवर येणार नाही, हेही आहे. तुझं चुकतं असं मी म्हणत नाही. मायनं तिच्या भावाला, आपल्या मामाला, त्याच्या मुलीसाठी शब्द दिला होता आणि तू कोकणात लग्न करून मोकळा झालास. शब्द मोडल्याचं तिला लागलं. तू नव्या नवरीला घेऊन आलास आणि त्याच संध्याकाळी तुम्हाला परत फिरावं लागलं, ते तुला लागलं. मी त्या दिवशी ट्रेनिंगसाठी बुलढाण्याला होते. घरी असते तर दोघांनाही दम दिला असता. पण इंद्रभान, तिचं वय वाढतं आहे आणि तुझा हट्टही. मला दोन्ही सांभाळवत नाहीत.

तुझी
जनकाताई


सोनाळा, २४ सप्टेंबर १९६६

चि. सौ. कोकिळा हिस जनकाताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवलंस ते शहाणपणाचं केलंस. तू मला पहिल्यांदाच लिहिलंस, तेही नवऱ्याच्या चोरून आणि रडत, हे अक्षरावरून कळलं. आधी डोळे पूस.

तू लिहिलंस ते मी पुन्हा मांडते, म्हणजे आपल्या दोघींत घोटाळा नको. लग्नानंतर तू इथं आलीस तेव्हा तुझ्या आईनं शिदोरी बांधून दिली होती. गोणपाटात शिवलेली. तिच्यात तांदूळ होते, कोकम होतं आणि सासूबाईंच्या दुखण्यावर औषध म्हणून घरामागच्या ओढ्यातून काढलेले पाणकांदे होते. इंद्रभानला आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. मायनं ती शिदोरी घेतली, पण सोडली नाही, कोपऱ्यात सरकवली. मग बोलाचाली झाली आणि तुम्ही निघालात. शिदोरी इथंच राहिली. आता तुझा नवरा अंगणात उड्या मारतो आहे की पाणकांदा सोनाळ्यात सापडला, आणि तुला धास्ती लागली आहे की तो आपलाच तर नसेल. सासूबाईंनी रागानं गोणपाट तळ्यावर नेऊन फेकलं असेल तर? बोलावं तर त्याचा आनंद जातो, आणि न बोलावं तर त्याच्या नावानं खोटं छापलं जातं.

बाई गं, तू हे दोन महिने मनात ठेवून स्वयंपाक कसा केलास?

आमच्याकडे विहिणीची शिदोरी सासूनं आपल्या हातानं सोडायची असते. सोडली म्हणजे सून घरात आली. मायनं का सोडली नाही ते त्यातच आलं. पण पुढे तिचं काय केलं हे मला खरंच माहीत नाही. मी बुलढाण्याहून आले तेव्हा घरात गोणपाट नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

परवा विचारलं. माय भाकरी थापत होती. मी म्हटलं, माय, कोकिळेच्या आईची शिदोरी होती, ती कुठं टाकलीस? तिनं तव्यावरची भाकरी करपू दिली. मायच्या हातची भाकरी करपलेली मी या जन्मात पाहिली नव्हती. मी इंद्रभानच्या लेखाचं सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकलं, गुडघ्यावर हात दाबून उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "जिनं आनली तिलेच सांगीन."

मी पुष्कळ डोकं फोडलं. त्यापुढे एक शब्द नाही. मला स्वतःला वाटतं की तिनं ती तळ्यावर फेकली. नाहीतर एवढं तोंड लपवायचं कारण नव्हतं. तेव्हा मनाची तयारी ठेव.

पण माझं म्हणणं असं. आधी इंद्रभानला सगळं सांग, आजच सांग. तो चिडेल, जेवणार नाही, मग जेवेल. लेख गेला तर दुसरा लिहील. बायकोनं आपल्यापासून काही चोरून ठेवलं हे त्याला मागाहून कळलं तर ते जास्त लागेल. आणि दुसरं, ये. मायनं तुझं नाव घेतलेलं नाही, हे मी जाणून आहे. पण दोन वर्षांत तुझ्याबद्दल तिनं काढलेला हा पहिला शब्द आहे. मला तो बोलावण्यासारखाच ऐकू आला.

तुझी
जनकाताई


सोनाळा, १८ ऑक्टोबर १९६६

चि. इंद्रभान यास आशीर्वाद.

तुझं चार ओळींचं पत्र आलं. 'लेख परत मागवला. कांदा आमच्याच घरून आला असणार. मी येणार नाही. कोकिळेला यायचं तर तिनं यावं.' बरं. तिचं कार्डही त्याच टपालात आहे, ती येते आहे.

लेख परत मागवलास ते योग्य केलंस, आणि ते करताना तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. तुला मी अंगाखांद्यावर वाढवलं आहे. पण रागाच्या भरात एक कर. तिला नीट गाडीत बसवून दे, खिडकीशी जागा बघ, आणि शेगावला मी उभी असेन हे सांग. एवढ्या लांबचा प्रवास ती एकटीनं करते आहे. सासूकडून आपल्या माहेरचा अपमान कसा झाला ते ऐकायला येते आहे, बाबा. तुझा लेख त्यापुढे काय मोठा आहे?

तुझी
जनकाताई


सोनाळा, ६ नोव्हेंबर १९६६

चि. इंद्रभान यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच.

कोकिळा पोचली. शेगावच्या फलाटावर तिनं वाकून नमस्कार केला, तर माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. कसलं काय, धड ओळखही नव्हती आमची. बसमध्ये ती खिडकीतून कपाशी बघत होती. इकडे डोंगर कुठं असतात म्हणून विचारलं. सातपुडा दिसायला लागल्यावर जरा सैल बसली.

घरी माय ओसरीवर होती. आम्ही दारात येताच ती उठून आत गेली. मला वाटलं, झालं, आता पुन्हा तेच. पण ती आतून म्हणाली, "तिले पाय धुवाले पानी दे, अन् आत धाड."

आत माय आपल्या पेटीजवळ बसली होती. ती हिरवी पत्र्याची, जिची किल्ली ती कमरेला ठेवते आणि जिला मी आजवर हात लावलेला नाही. तिनं ती उघडली. लग्नातलं लुगडं काढलं, बाबांचं धोतर काढलं. आणि त्याखालून गोणपाट काढलं, इंद्रभान. जसंच्या तसं, शिवलेलं. कोकिळेनं खाली बसून शिवणीवरून बोट फिरवलं. काळ्या दोऱ्याची शिवण होती आणि कडेला तिच्या आईनं मारलेल्या गाठी होत्या. एकही टाका उसवलेला नव्हता.

म्हणजे तुझा कांदा तुमच्या घरचा नाही. तो सोनाळ्याचाच आहे. मी हे उमजून काही बोलणार, तेवढ्यात माय बोलायला लागली, आणि मग मला तुझा कांदा आठवलाही नाही.

"म्या हे फेकाले नेलं व्हतं," ती म्हणाली. "तळ्यापोत गेली. फेकू कशी? कोन्या मायनं रात्र जागून शिवलं असन. अन् सोडू कशी? सोडली असती तं भावाले काय तोंड दाखवलं असतं. मंग इथं ठेवलं. फेकलं असतं तं एक डाव रडली असती. हे तं पेटी उघडली का दिसे."

 मी कात्री द्यायला गेले तर मायनं माझा हात बाजूला केला. तिनं दातांनी दोरा तोडला आणि बोटांनी एकेक टाका ओढत गेली. बोटं आता तिची नीट वळत नाहीत. आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो. आत तांदळाचं पीठ झालं होतं, कोकम काळं पडलं होतं, आणि सुंभात ओवलेले कांदे वाळून कागदासारखे झाले होते. मायनं ते हातात घेऊन विचारलं, हे कशाचं.

"गुडघ्यांसाठी," कोकिळा म्हणाली. "तेल लावून, गरम करून बांधायचे. यांनी लग्नाआधी सांगितलं होतं आमच्या आईला, की तुम्हाला उठता येत नाही. तिनं स्वतः ओढ्यात उतरून काढले."

मायनं ते कांदे पदरात घेतले. मग म्हणाली, "दोन सालं म्या याच पेटीवर हात टेकून उठून राह्यली."

हे ऐकून मला तिथं थांबवेना. मी चहाच्या निमित्तानं चुलीकडे गेले. परत आले तर मायचं डोकं कोकिळेच्या खांद्यावर होतं आणि कोकिळा तिला थोपटत होती. कोण सासू आणि कोण सून हे बाहेरच्याला सांगता आलं नसतं.

आता तुझ्या कामाचं. मायच्या अंगठ्याचा कागद सोबत आहे. विहिणीकडून आलेले कांदे आजपर्यंत माझ्या पेटीत बंद होते, त्यातला एकही तळ्यावर गेला नाही, असं मी लिहिलं आणि तिनं अंगठा दिला. अशी गोष्ट साहेबांना कशी कळवावी म्हणून मी घुटमळत होते. ती म्हणाली, "लिही. माहा हट्ट पोराच्या कामी आला तं येऊ दे." रान तुटण्याआधीपासून कांदे तिथं होते हे सांगायला वस्तीवरची दोन म्हातारी माणसंही मिळाली आहेत. कोकिळा वस्तीवर गेली आणि तिला ती लगेच सापडली. मला महिनाभर फिरून सापडली नव्हती, मुख्याध्यापिकेला पाहून सगळे पळतात.

कोकिळेनं सुंभातला एक कांदा चुरून पाहिला, आत जीव नाही म्हणाली. मायला पटलं नाही. ती सगळी माळ घेऊन तळ्याकडे निघाली होती, चिखलात लावायला. कोकिळा मागून धावली. म्हणाली, आई, तळ्यात नको, यांचा सगळा शोध बुडेल. शेवटी न्हाणीच्या सांडपाण्यावर लावून झाले. उगवतील असं मला वाटत नाही. माय रोज जाऊन बघते, आणि गुडघ्यांना सध्या तळ्यावरचेच कांदे बांधते आहे.

लेख पुन्हा पाठव. आणि तू ये. कोकिळेला मी परत पाठवणार होते, पण मायनं अडवलं. म्हणाली, इंद्रभानले लिही, कोकिळा इथं हाय, लागंन तं येऊन घेऊन जाय.

तिनं नाव घेतलं, ऐकलंस ना.

तुझी
जनकाताई


सोनाळा, ८ नोव्हेंबर १९६६

विहीणबाईस गोजरबाईचा जयभीम. हे पत्र जनकाच्या हातानं लिहिलं आहे. मी बोलते तसंच लिही, माझी भाषा सुधारू नको, असं तिनं बजावलं आहे, म्हणून तसंच लिहिते.

ईनबाई, तुमच्या पोरीनं तुम्हाले सांगितलं का सासूनं शिदोरी सोडली, लय आवडली, अन् गुडघे बरे झाले. म्या तिले इचारलं, मायले काय सांगितलं व्हतं, तवा समजलं. ते तिनं माही अब्रू झाकाले सांगितलं. दोन सालं झाकली. तुम्ही तिले खोटं बोलली म्हनून रागे भरू नका.

खरं असं हाय का म्या ती सोडली नव्हती. तांदूळ खराब झाले. कोकम खराब झालं. तुम्ही पान्यात उतरून कांदे काढले, ते वाळून गेले. त्याची भरपाई माह्याजवळ नाही. जनका म्हनते, असं लिहू नको, त्यायले वाईट वाटंन. वाटू द्या. तुम्हाले वाईट वाटाचा हक हाय.

तुमची पोरगी इथं बाजूले बसली हाय. हे लिहू नका म्हनते अन् रडते. सकाळी तिनं तुमच्याकडची भाकर केली, तांदळाची, मले दातानं तुटली नाही पन खाल्ली. दिवाळीपर्यंत तिले ठेवून घेतो. मंग लेकाच्या संग धाडीन, अन् संग शिदोरी धाडीन. ती तुम्ही सोडा.

आमच्याकडं शिदोरी सोडली का त्याच दिवशी ईनीले निरोप धाडतात. म्या सोडून आठ दिवस झाले, इतके दिवस मले लिहाची हिंमत नव्हती. आज सांगतो.

ईनबाई, तुमची शिदोरी पोचली.